नौपाड्यातील जुन्या पुस्तकांचे दुकान : बुद्धिबळाच्या दुर्मीळ अनुवादांचा शोध घेणाऱ्यांसाठी

ठाण्यात जुनी पुस्तके मिळण्याची ठिकाणे बरीच आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी क्रमिक पुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि अनेक हातांतून फिरलेल्या कादंबऱ्या यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. नौपाड्यातील हे दुकान त्याला अपवाद आहे, कारण येथे काचेच्या एका कपाटाचे दोन खण केवळ बुद्धिबळाच्या जुन्या पुस्तकांना दिलेले आहेत आणि त्यांतही युरोपातील आरंभीच्या शिक्षणग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांवर दुकानदारांचा विशेष भर आहे. मी याच प्रकारची पुस्तके जमवतो, त्यामुळे हा अभिप्राय त्या दोन खणांपुरता आणि त्यांच्या अनुषंगाने मिळणाऱ्या सेवेपुरता आहे. दुकानातील बाकीच्या मालाबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

येथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक पुस्तकात ठेवलेली, दुकानदारांच्या हस्ताक्षरातील तपासणीची चिठ्ठी. मूळ लेखक कोण, मूळ भाषा कोणती, अनुवाद थेट मुळावरून झाला की मधल्या एखाद्या भाषेवरून, आवृत्ती कोणत्या सालची, पाने आणि आकृत्या पूर्ण आहेत का, बांधणी मूळची की नंतरची, आणि पुस्तकातील डाव कोणत्या नियमांनी खेळायचे आहेत, एवढे सगळे तिच्यावर नोंदलेले असते. या चिठ्ठीचे महत्त्व ज्याला पटेल त्याने येथे अवश्य जावे, कारण या विषयात अनुवाद कोणाच्या हातून कसा आला हे कळल्याखेरीज आपण नेमके काय विकत घेत आहोत हेच कळत नाही.

दामियानोचेच उदाहरण घ्यावे. पोर्तुगालमधील ओदेमिरा गावच्या या औषधविक्रेत्याचे बुद्धिबळाचे पुस्तक १५१२ साली रोममध्ये निघाले आणि सोळाव्या शतकातच त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. इंग्रजीत ते १५६२ साली जेम्स रोबोथमने आणले, पण मूळ इटालियनवरून नव्हे. आधी फ्रेंच अनुवाद झाला आणि त्यावरून इंग्रजी झाला. पुढे १८१३ साली लंडनचा बुद्धिबळशिक्षक जे. एच. सॅरॅट याने दामियानो, स्पेनचा रुय लोपेझ आणि इटलीचा साल्व्हिओ या तिघांना एकाच ग्रंथात इंग्रजीत आणले. आता ‘दामियानोचा इंग्रजी अनुवाद’ असे नुसते म्हटले, तर अडीचशे वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन अगदी वेगळ्या पुस्तकांपैकी कोणतेही एक हाती येऊ शकते. रोबोथमची प्रत आपल्यासारख्यांच्या वाट्याला येण्याचा संभव जवळजवळ नाही, परंतु सॅरॅटचा ग्रंथ अधूनमधून बाजारात येतो आणि या दुकानात मी तो पाहिला आहे. त्याच्या चिठ्ठीवर, ग्रंथात तीन लेखक असल्यामुळे प्रत्येकाचे पुस्तक समग्र असेल असे गृहीत धरू नये, ही सूचना लाल शाईने लिहिलेली होती. विक्रेत्याने स्वतःच्या मालाबद्दल आपणहून असे लिहिणे मला फार क्वचित आढळले आहे.

दामियानोच्या नावावर आजही एक बचाव सांगितला जातो. पांढऱ्याने राजाचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, काळ्याने तसेच केले, पांढऱ्याच्या घोड्याने त्या प्याद्यावर हल्ला केला आणि काळ्याने राजाच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे एक घर पुढे, एफ६ वर, आणून त्याला आधार दिला, तर तो ‘दामियानो बचाव’ ठरतो. वास्तविक दामियानोने ही चाल वाईट आहे हेच दाखवून दिले होते : घोड्याने काळ्याचे ते ई५ वरचे प्यादे मारावे, काळ्याने घोडा मारल्यास वजीर एच५ वर येऊन शह देतो आणि काळ्याचा राजा उघड्यावर सापडतो. ज्या चालीचा त्याने निषेध केला तीच त्याच्या नावाने ओळखली जावी, हा अन्याय पुस्तक प्रत्यक्ष वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. जुने ग्रंथ केवळ शोभेसाठी कपाटात न ठेवता पटाशेजारी उघडून वाचावेत, असे मला मनापासून वाटते ते याच कारणाने.

चिठ्ठीची खरी कसोटी लागली ती एका इटालियन ग्रंथाच्या बाबतीत. कपाटात जे. एस. बिंगलेने अनुवादलेले, १८२० साली लंडनमध्ये छापलेले एक पुस्तक होते आणि त्याच्या शीर्षकपानावर मूळ लेखक म्हणून मोदेना येथील एर्कोले देल रिओचे नाव होते. चिठ्ठीवर मात्र स्पष्ट लिहिले होते की मूळ ग्रंथ दोमेनिको पोन्झियानीचा आहे. हे बरोबर आहे. पोन्झियानीचा ग्रंथ १७६९ साली स्वतःचे नाव न घालता, केवळ मोदेनाचा एक लेखक म्हणून प्रसिद्ध झाला होता. देल रिओचे छोटे पुस्तक त्याच्या आधी, १७५० साली, येऊन गेले होते आणि तेही निनावीच होते. त्यामुळे अनुवादकाने एकाचे श्रेय दुसऱ्याला दिले. शीर्षकपानावर विसंबून ही प्रत घेणारा संग्राहक आपल्याकडे देल रिओ आहे असे समजून चालेल आणि पोन्झियानीच्या शोधात आणखी काही वर्षे घालवील. दुकानदारांनी ही गोष्ट मला विचारावी लागू दिली नाही.

त्याच चिठ्ठीवर ‘इटालियन नियम’ असे दोन शब्द होते आणि त्यांचे महत्त्व पुस्तक वाचायला बसल्यावर अधिकच जाणवले. त्या काळी इटलीत किल्लेबंदी करताना राजा आणि हत्ती यांना आजच्यासारखी ठरावीक घरे नव्हती, खेळाडूला त्यांच्या जागा निवडण्याची बरीच मोकळीक असे. आणि दोन घरे उडी मारून पुढे गेलेले प्यादे वाटेतच मारण्याचा, म्हणजे एन पासांचा, नियम तेथे मानला जात नसे. आजच्या नियमांची सवय झालेल्या वाचकाला पोन्झियानीचे काही डाव त्यामुळे चुकीचे छापले आहेत असे वाटू शकते. तीच गोष्ट इंग्लंडमधील जुन्या पुस्तकांची. शह नसताना समोरच्याला एकही चाल उरू नये अशी कोंडी झाली, तर आपण ती बरोबरी मानतो. परंतु १६१४ साली निघालेल्या आर्थर सॉलच्या पुस्तकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमध्ये कोंडी करणाराच हरला असे समजत. सॅरॅटच्या काळापासून तेथे बरोबरीचा नियम रुळत गेला. डावाच्या शेवटच्या टप्प्यावरील शिकवण या एका नियमाने पूर्ण बदलते, म्हणून कोणते पुस्तक कोणत्या नियमांवर उभे आहे याची नोंद ही मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

ग्रेकोबद्दल बोलायचे तर या दुकानाने मला सर्वाधिक समाधान दिले ते त्याच्याच बाबतीत. दक्षिण इटलीतील काळाब्रियाचा जोआकिनो ग्रेको सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत होऊन गेला. त्याने आपले डाव हस्तलिखितांत लिहून आश्रयदात्यांना दिले आणि त्याच्या हयातीत त्यांतले काही छापून आले नाही. १६५६ साली लंडनमध्ये फ्रान्सिस बीलने त्याचे पहिले इंग्रजी पुस्तक काढले, १६६९ साली पॅरिसमध्ये फ्रेंच पुस्तक आले, आणि पुढे शतकानुशतके लोक त्याच्यापासून आक्रमण शिकत राहिले. मला हवी होती ती विल्यम लुईसची १८१९ सालची आवृत्ती. लुईस हा सॅरॅटचा शिष्य. बुद्धिबळ खेळणारे ‘टर्क’ नावाचे प्रसिद्ध यंत्र लंडनमध्ये दाखवले जात होते, तेव्हा त्या पेटीत लपून चाली करणाऱ्यांपैकी तो एक होता. ज्या सुमारास तो ते काम करत होता त्याच सुमारास त्याने ग्रेकोचा अनुवाद सिद्ध केला, हे लक्षात घेतले की पुस्तकातील टिपांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्या एका कसलेल्या, रोज नव्या प्रतिस्पर्ध्याशी खेळणाऱ्या माणसाच्या टिपा आहेत.

दुकानात ही प्रत नव्हती. दुकानदारांनी मागणी नोंदवून घेतली, घाई केली नाही, मध्यंतरी एक प्रत मिळत असल्याचे कळवले आणि त्याच बोलण्यात ती घेऊ नका असेही सांगितले. “सर, तिच्यात शेवटची काही पाने हाताने लिहून जोडलेली आहेत. शोभेला घ्यायची असेल तर ठीक, पण तुम्ही ती पटावर मांडून वाचणार आहात,” असे त्यांचे शब्द होते. पुढे जी प्रत आली तिची पाने पूर्ण होती, पुठ्ठ्याची पाठ नंतर बदललेली होती आणि ते चिठ्ठीवर लिहिलेले होते. वाट पाहण्याच्या काळात मी त्यांच्याच सल्ल्याने हॉफमनची १९०० सालची ग्रेकोची आवृत्ती घेतली. ती तुलनेने स्वस्त आहे, छपाई सुटसुटीत आहे, आणि ज्याला ग्रेको वाचायचा आहे पण एवढ्यात मोठी रक्कम घालायची नाही, त्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे माझेही मत आहे.

अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या पुस्तकांबाबत मात्र सावध राहणे आवश्यक आहे, आणि येथेही चिठ्ठीचा उपयोग होतो. त्याचा ग्रंथ १७४९ साली लंडनमध्ये फ्रेंच भाषेत निघाला आणि दुसऱ्याच वर्षी इंग्रजीत आला. प्यादी हा बुद्धिबळाचा प्राण आहे, हा त्याचा विचार इतका प्रभावी ठरला की नंतरच्या काळात त्याच्या नावाने संपादित, वाढवलेली, टीपा जोडलेली कितीतरी पुस्तके निघाली. १८०३ साली दोन भागांत निघालेल्या ‘स्टडीज ऑफ चेस’मध्ये फिलिडोरचे विवेचन आहे, पण त्याबरोबर सर विल्यम जोन्स यांची ‘काइसा’ ही कविताही आहे आणि संपादकाची स्वतंत्र प्रस्तावनात्मक शिकवणही आहे. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि भारतीय बुद्धिबळावर निबंध लिहिणारे जोन्स ते हेच, म्हणून आपल्याकडच्या वाचकाला त्या ग्रंथाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तो घ्यावाही, पण फिलिडोरचे मूळ पुस्तक म्हणून घेऊ नये. बाजारात तो सर्रास ‘फिलिडोर’ म्हणून विकला जातो. या दुकानाने तसे केलेले नाही.

फिलिडोर वाचताना एका अडचणीची कल्पना हवी. त्याच्या पुस्तकात चाली आजच्यासारख्या खुणांनी नसून वाक्यांत सांगितलेल्या आहेत, आणि एखादा लांब डाव मांडताना पानोपानी बोट ठेवून चालावे लागते. त्याउलट सीरियातील अलेप्पोचा फिलिप स्टामा याने १७३७ साली पॅरिसमध्ये काढलेल्या, शंभर खेळस्थिती असलेल्या पुस्तकात उभ्या रांगांना अक्षरे आणि आडव्या रांगांना अंक देऊन चाली लिहिल्या. म्हणजे आज जगभर वापरली जाणारी पद्धत त्याने जवळपास तीनशे वर्षांपूर्वी छापली. १७४७ साली लंडनमध्ये फिलिडोरने स्टामाला सामन्यात हरवले. त्यानंतर इंग्लंडमध्ये चाली लिहिण्याची स्टामाची सोपी पद्धत दीर्घकाळ मागे पडली, याची मला नेहमी खंत वाटते. ज्यांना सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजी मुद्रणातील लांब, ‘एफ’सारखा दिसणारा ‘एस’ वाचण्याचा सराव नाही, त्यांनी पहिली काही पाने दुकानातच बसून वाचून पाहावीत. त्यासाठी खिडकीजवळ एक टेबल आहे आणि तेथे बसण्यास कोणी हरकत घेत नाही.

इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याच्याविषयी थोडक्यात. त्याने १४७४च्या सुमारास ब्रूज येथे छापलेले पुस्तक हा याकोबस दे चेसोलिसच्या लॅटिन ग्रंथाचा, फ्रेंचमार्गे झालेला अनुवाद आहे. त्यात सोंगट्यांच्या निमित्ताने समाजातील निरनिराळ्या वर्गांना नीतीचा उपदेश आहे. खेळाचे शिक्षण फार थोडे आहे. दुकानात त्याची १८८३ साली विल्यम ॲक्सनने संपादित केलेली शब्दशः पुनर्मुद्रित आवृत्ती मिळते. संग्रहाच्या आरंभी ठेवायला ती चांगली आहे, परंतु खेळ सुधारण्याच्या अपेक्षेने घेतल्यास निराशा होईल, आणि हे दुकानदार विचारण्यापूर्वीच सांगतात.

पुस्तकांची राखण हा ठाण्यात गंभीर प्रश्न आहे. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे चामड्याच्या बांधणीवर बुरशी धरते, कागदावर तपकिरी ठिपके वाढतात आणि खळीच्या लोभाने कसर पाठीत शिरते. येथील कपाटात ओल शोषून घेणाऱ्या पुड्या ठेवलेल्या आहेत, त्या वेळेवर बदलल्या जातात, आणि पुस्तके इतकी दाटीवाटीने कोंबलेली नाहीत की हवा खेळू नये. विकत घेतल्यावर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवू नका, पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी सावलीत उघडून ठेवा, उन्हात ठेवू नका, असे ते प्रत्येक ग्राहकाला बजावतात. बांधणीची दुरुस्तीही येथे करून मिळते. सुटलेली शिवण दोऱ्यानेच पुन्हा घातली जाते, पाठीला पिठाची खळ वापरली जाते, आणि पुढे कधी सोडवता येणार नाही असा कृत्रिम गोंद मुळीच वापरला जात नाही. माझ्या एका पुस्तकाच्या कडा सारख्या दिसाव्यात म्हणून छाटून द्या, अशी विनंती केली असती तरी त्यांनी ती मान्य केली नसती, कारण कडा छाटल्या की समासातील जुन्या वाचकांच्या नोंदी आणि पुस्तकाचा मूळ आकार दोन्ही कायमचे जातात. काम मात्र सावकाश होते आणि त्याची तयारी ठेवावी लागते.

स्कॅनवरून मागणीनुसार छापलेल्या प्रती या दुकानात वेगळ्या खणात, मोठ्या अक्षरांत तसे लिहून ठेवलेल्या आहेत. यापूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याने अशीच एक प्रत मला जुनी म्हणून पाठवली होती, म्हणून या स्पष्टपणाची मला विशेष कदर आहे. अशा प्रतींना मी कमी लेखत नाही; अभ्यासाला त्या उपयोगी पडतात आणि मूळ प्रत हाताळण्याचा ताण वाचवतात. मात्र घडी घातलेला आकृतीचा तक्ता स्कॅन करताना उघडला गेला नसेल, तर छापील प्रतीत त्याची फक्त घडीच दिसते. आकृत्यांवर सगळी भिस्त असलेल्या पुस्तकात हा दोष फार मोठा ठरतो, तेव्हा पैसे देण्यापूर्वी प्रत्येक तक्ता पाहून घ्यावा.

उणिवाही सांगायला हव्यात. दुकानाची छापील किंवा संगणकीय यादी नाही; काय आले आहे हे कळण्यासाठी स्वतः जावे लागते किंवा फोन करावा लागतो. किमती ठरवताना लुईस, सॅरॅट यांसारख्या प्रतींना न्याय्य भाव लावला जातो असे मला वाटते, परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्रज खेळाडू स्टाँटन याच्या ‘हँडबुक’च्या उत्तरकालीन प्रती येथे अकारण महाग आहेत. ते पुस्तक १८४७ साली निघाल्यापासून वारंवार छापले गेले आणि मुंबईत थोडा शोध घेतल्यास बरेच स्वस्त मिळते. तसेच चिठ्ठीवर प्रत पूर्वी कोणाच्या संग्रहात होती याची नोंद नसते. आतील पानावर जुन्या वाचनालयाचा शिक्का असेल तर ते पुस्तक रीतसर निकाली काढलेले होते की नाही, हे ग्राहकाला कळलेच पाहिजे. विचारल्यावर माहिती मिळते, पण ती लेखी मिळावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

या दुकानात मी नोंदवलेली एक मागणी अजून पूर्ण झालेली नाही, आणि ती ज्या पुस्तकाची आहे ते मराठी संग्राहकांनी ओळखून ठेवावे असे आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचा ‘एसेज ऑन चेस’ हा इंग्रजी अनुवाद १८१४ साली मुंबईत छापला गेला. पुण्यात अजून पेशवाई होती, आणि मुंबईत एका शास्त्र्याने रचलेल्या बुद्धिबळाच्या खेळस्थिती युरोपीय खेळपद्धतीला जुळवून इंग्रजी वाचकांपुढे ठेवल्या जात होत्या. लंडनहून आलेल्या दामियानो-ग्रेकोंच्या अनुवादांइतकाच, किंबहुना आपल्या दृष्टीने त्यांहून अधिक, मान या पुस्तकाला मिळायला हवा. दुकानदारांना ते ठाऊक होते, त्याचे साल त्यांनी न पाहता सांगितले, आणि ते मिळवून देण्याचे खोटे आश्वासन दिले नाही. कोणाच्या घरच्या जुन्या कपाटात ते असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. विकायचे नसले तरी या दुकानात एकदा दाखवावे, पाने तपासून त्याची चिठ्ठी करून देण्याचे ते पैसे घेत नाहीत.